शाळा बंद का पडते, केतकी

पुणे, ३ जानेवारी

प्रिय केतकी,



तुझं पत्र आलं, सावकाश वाचलं. तुझ्या घराजवळची जर्मनटाउन हायस्कूलची ती भली मोठी रिकामी इमारत, आणि तिथे शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून तू नि तुझ्या मैत्रिणी गोळा करत असलेल्या आठवणी. १९१४ साली सुरू झालेली शाळा २०१३ मध्ये बंद केली, शंभरी भरायला एक वर्ष उरलं असताना. त्या एका वर्षात तुमच्या फिलाडेल्फियात वीसहून जास्त सरकारी शाळांना कुलूप लागलं, कारण शाळाखात्याच्या तिजोरीत खड्डा पडला होता आणि पट घसरला होता. तू विचारलंस, मावशी, पुण्यात अशी एखादी शाळा आहे का, जी होती आणि आता नाही? आणि तिचा इतिहास लोकांनी जपला तो कसा?

आहे. तुझ्या आजोळच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर, भिडे वाडा. लहानपणी तू माझं बोट धरून त्याच्यासमोरून कितीदा गेली असशील, पण मी तुला तो कधी थांबून दाखवला असं मला आठवत नाही. दाखवण्यासारखं बाहेरून काही नव्हतंही. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेला मजला, आणि रस्त्यावर हारवाल्यांची, भाविकांची दाटी. ती हायस्कूल नव्हती, साधी मराठी प्राथमिक शाळा होती. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात जितकं आहे तितकं पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याच शाळेत नाही असं मला वाटतं. म्हणून आज, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशीच, हे पत्र लिहायला बसले.

तुला एवढं माहीत असेलच की १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा त्याआधीही होत्या. इथल्या माणसांनी, इथल्या मुलींसाठी, स्वतःच्या हिमतीवर काढलेली पुण्यातली ही पहिली. जोतीराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते, सावित्रीबाई सतरा. सतरा म्हणजे आपल्याकडे बारावीतली मुलगी गं. दिवस कोणता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सगळीकडे १ जानेवारी लिहितात, जुन्या चरित्रात ऑगस्ट महिना आहे. मला त्या वादात फारसा रस नाही. वर्ष पक्कं आहे, वाडा पक्का आहे, माणसं पक्की आहेत.

या गोष्टीची सुरुवात मात्र पुण्यात होत नाही, ती नगरला होते, आणि तिथे तुझी अमेरिका येते. सिंथिया फरार नावाची एक बाई न्यू हॅम्पशायरमधून निघून १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली. अमेरिकन मिशनने परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. आधी मुंबईत आणि मग १८३९ पासून नगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या, आणि १८६२ मध्ये नगरलाच ती वारली. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीत होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात असं काही का नसावं हा विचार घेऊन ते परतले. सावित्रीबाईंना आधी जोतीरावांनी घरीच शिकवलं. पुढे नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिशनरी मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. ही बाब आपल्या भाषणांत फार झटकन उरकली जाते आणि मला त्याचं वाईट वाटतं. शाळेत जाताना अंगावर पडलेलं शेण आणि बदलायला पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं सगळ्यांना पाठ असतं. पण सावित्रीबाई शिक्षणशास्त्र शिकून वर्गात उभ्या राहिल्या होत्या, हे सांगितल्याशिवाय त्यांची थोरवी अर्धीच कळते. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत प्राथमिकचे वर्ग घेतलेल्या माझ्यासारखीला त्याचं मोल विचार. नुसत्या तळमळीने मुलाला जोडाक्षर येत नाही.

आता तू ज्यासाठी विचारलंस त्याकडे येते. ही शाळा चालली किती दिवस?

काही महिने.

हे फार कोणी सांगत नाही. भिडे वाड्यातली ती पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. समाजाचा दबाव जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्यावर आला, १८४९ मध्ये त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, गंज पेठेत उस्मान शेख यांच्याकडे दोघांना आसरा मिळाला. ज्या माणसाला स्वतःचं घर उरलं नाही तो शाळा कशी चालवणार? गोष्ट इथे संपली असती तर आज कोणी नावही घेतलं नसतं. पण ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा उभी राहिली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या, आणि थोड्याच काळात अठ्ठेचाळीस झाल्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी, आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, तिसरी. शिवाय महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा. फेब्रुवारी १८५३ मध्ये या मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा २३७ मुली बसल्या होत्या आणि ती पाहायला तीन हजारांवर लोक लोटले होते.

मला त्या परीक्षेचं चित्र डोळ्यांसमोर आणायला आवडतं. तेव्हा परीक्षा म्हणजे कागद नव्हता, सगळ्यांदेखत उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. आठ-दहा वर्षांची पोर. तिने चार माणसांत मान वर करून बोलू नये असा दंडक. आणि तिच्यासमोर अख्खी पेठ. मांडवात आई, आत्या, शेजारपाजार, आणि मागे उभे असलेले ते लोक, ज्यांना बायकांनी अक्षर शिकलं की घर बुडतं असं मनापासून वाटत होतं. ती पोर नकाशावर बोट ठेवून किंवा हिशोब सांगून खाली बसली असेल, तेव्हा त्या मागच्या रांगेतल्या एखाद्याचं मन हललं असेल की नाही? मला खात्री आहे, हललं असेल. वर्गातल्या मुलीचं नीट दिलेलं उत्तर ऐकून बापाचा चेहरा बदलताना मी इतक्यांदा पाहिलाय.

पेठांची ती नावं पुन्हा वाच. बुधवार, रास्ता, वेताळ. तीन शाळा एकाच ठिकाणी का काढल्या नाहीत? कारण मुलगी लांब जात नाही, तिला लांब पाठवत नाहीत. रस्त्यावरून जाताना जिथे शिक्षिकेवरही दगड येत होते तिथे आठ वर्षांच्या मुलीला कोण दोन पेठा ओलांडून पाठवणार? शाळाच तिच्या दाराशी गेली. एकशे सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांना हे उमगलं, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो यासाठी. हा मुद्दा मनात ठेव, पुढे पुन्हा लागणार आहे.

त्या काळातली सगळ्यात बोलकी साक्ष एका विद्यार्थिनीची आहे. मुक्ता साळवे. मांग समाजातली, चौदा वर्षांची, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. तिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन हप्त्यांत छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती थेट विचारते. पेशवाईत आपल्या माणसांवर काय बेतलं ते लिहिते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, हे लिहिते. आणि शेवटी आपल्याच माणसांना शिकायला सांगते. कुठल्याही शाळेचा दर्जा तपासायचा तर तिथल्या मुलांनी काय लिहिलं ते पाहावं असं मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना नेहमी सांगायची. त्या कसोटीला या शाळेइतकी उतरलेली शाळा मला दुसरी माहीत नाही. ही मुलगी शिकली ते भिडे वाड्यात नव्हे, पुढच्या शाळांत. म्हणजे वाडा बंद पडल्यानंतरच्या वर्षांत.

आणि १६ नोव्हेंबर १८५२ चा दिवस. विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला, शालजोडी दिली. विश्रामबागवाडा तू पाहिलायस, सुरूच्या झाडासारखे कोरीव खांब असलेला. दुसऱ्या बाजीरावाचा तो वाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे इंग्रजांनी ब्राह्मणांसाठी संस्कृत पाठशाळा काढली, पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून. त्याच वाड्यात एका माळ्याच्या मुलाला मुलींना आणि अस्पृश्यांना शिकवलं म्हणून शाल पांघरली गेली. पुढे त्याच दक्षिणा फंडातून या शाळांना मदतही मिळाली. पैशाचा हा प्रवास तेव्हाच्या पुण्याला किती झोंबला असेल याची कल्पना कर.

पण केतकी, मदत पुरली नाही. शाळांच्या कमिटीने १८५३ च्या सुमारास मांडलेल्या अहवालातलं एक दुखणं वाचून मी चमकले होते, कारण ते माझ्या नोकरीभर ऐकलेलं दुखणं होतं. पगार तुटपुंजा, त्यामुळे चांगले शिक्षक टिकत नाहीत, दुसरीकडे जास्त मिळालं की सोडून जातात. आणि मुख्य शिक्षिका मात्र काहीही न घेता काम करते आहे, याबद्दल कमिटी तिचं कौतुक करते. मुख्य शिक्षिका म्हणजे सावित्रीबाई. त्यांच्या त्यागापुढे मी मान झुकवते. तरी मनात येतंच की एका बाईच्या फुकट श्रमावर तीन शाळा उभ्या होत्या. अशी शाळा किती वर्षं चालावी अशी अपेक्षा करायची?

पुढे काय झालं ते खुद्द जोतीरावांनीच सांगून ठेवलंय. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यात ते म्हणतात त्याचा भावार्थ असा: मी आणि माझ्या पत्नीने बरीच वर्षं या शाळेत मिळून काम केलं, नंतर ती एका कमिटीकडे सोपवली, नऊ-दहा वर्षांनी काही कारणांमुळे मी बाजूला झालो, ती कारणं सांगण्याची इथे गरज नाही. मुलींच्या शाळा आता शिक्षणखात्याकडे मिचेलबाईंच्या देखरेखीखाली आहेत. महार-मांगांची शाळा अजून आहे, पण स्थिती समाधानकारक नाही. बस, एवढंच. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातातून कसं निसटलं यावर त्या माणसाने अवाक्षर काढलं नाही. कोणाला दोष दिला नाही. लगेच पुढच्या मुद्द्यावर गेले, कारण त्यांना मागायचं होतं ते स्वतःच्या शाळेसाठी नव्हतं.

त्यांनी मागितलं ते असं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणावर उधळता, तो खेड्यातल्या शाळांकडे वळवा. लोकल फंडाचा निम्मा वाटा प्राथमिक शिक्षणाला द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, प्रशिक्षण घेतलेले असावेत, आणि त्यांना महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस द्या. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवा. महात्मा म्हणून ज्यांचे पुतळे आपण उभारले, ते आयोगापुढे मास्तरांचा पगार किती असावा हे आकड्यानिशी सांगत होते. कारण त्यांनी शाळा चालवून पाहिली होती. पगार नसला की शाळेचं काय होतं ते त्यांच्या घरात घडलं होतं.

आता तुझ्या शहराची एक गोष्ट सांगते, तुला माहीत असेल तर पुन्हा ऐक. ज्या १८४८ साली भिडे वाड्यात शाळा भरली त्याच १८४८ साली फिलाडेल्फियात मुलींसाठी नॉर्मल स्कूल सुरू झालं, शिक्षिका तयार करायला, शहराच्या पैशावर. तीच पुढे फिलाडेल्फिया हायस्कूल फॉर गर्ल्स झाली आणि आजही भरते. (आनंदीबाई जोशी तुझ्या शहरात शिकायला गेल्या त्याच्या किती आधी, बघ. त्यांनी १८८६ मध्ये तिथे डॉक्टरची पदवी घेतली.) दोन्ही शाळा एका वर्षाच्या. तिथल्या मुली जास्त हुशार नव्हत्या, तिथले लोक जास्त उदार होते असंही मी म्हणणार नाही. काळ्या मुलींना त्या देशात तेव्हा काय वाट्याला येत होतं ते तू मला सांगितलंयस. फरक एवढाच की ती शाळा पहिल्या दिवसापासून नगराची जबाबदारी होती, आणि आमची दोन माणसांची. आपल्या पुण्यात मुलींचं हायस्कूल यायला १८८४ उजाडलं. ती हुजूरपागा लक्ष्मी रस्त्यावर आजही दिमाखात उभी आहे, तुझी आईच तिथे शिकली. तिच्यामागे संस्था होती, दाते होते, सरकारी अनुदान होतं. आणि तुझ्या जर्मनटाउनकडे पाहा. ज्या नगराने शाळा काढली, त्याच नगराने तिच्यातून हात काढून घेतला, तेव्हा नव्व्याण्णव वर्षांच्या आठवणी तिला वाचवू शकल्या नाहीत.

म्हणून तुझ्या मैत्रिणींना सांग, आठवणी जरूर गोळा करा. स्नेहसंमेलन, बास्केटबॉलचे कप, लाडके मास्तर, सगळं. पण त्याच वहीत दरवर्षीचा पट लिहा, शिक्षक किती होते ते लिहा, ग्रंथपालाची जागा कुठल्या साली रिकामी राहिली आणि मग कधीच भरली नाही ते लिहा, दुरुस्तीला पैसे कधी नाकारले ते लिहा. शाळा एका दिवशी बंद झाल्याचं कागदावर दिसतं. ती खरी बंद होते त्याआधी दहा वर्षं, थोडी थोडी. तिथे काम केलेल्या शिपायाला, स्वयंपाकघरातल्या बायकांना विचारा. त्यांना तारखा अचूक आठवतात.

मी हे का म्हणते ते ऐक. माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात आमची शाळा पट कमी झाला म्हणून दुसऱ्या शाळेच्या इमारतीत हलवली. कागदावर अंतर किरकोळ होतं. मध्ये मोठा रस्ता होता. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची आणि तो तिच्या शेजारी पाटीवर रेघोट्या मारत बसायचा. आम्ही कधी हरकत घेतली नाही. नव्या इमारतीत ती आली नाही. मी घरी गेले. आई म्हणाली, बाई, एवढ्या गाड्यांतनं दोघांना कशी धाडू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हजेरीपटावर तिच्या नावापुढे आधी गैरहजेरीची फुली पडत राहिली आणि शेवटी लाल शाईने एक आडवी रेघ आली. कुठल्याही अहवालात ती मुलगी शाळा स्थलांतरामुळे सुटली असं लिहिलेलं सापडणार नाही. तिथे फक्त पट कमी झालेला दिसेल, आणि तोच पुढच्या वेळी शाळा हलवायला कारण म्हणून दाखवला जाईल.

आता शिक्षणहक्क कायदा आहे, २०१० च्या एप्रिलपासून लागू. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीनच्या आत असावी असं तो म्हणतो. जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचं मागितलं, आपण चौदापर्यंतचं दिलं, आणि त्याला सव्वाशे वर्षं घेतली. आणि तरी गेली काही वर्षं महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं चाललंय. पानशेतच्या समूह शाळेचा नमुना दाखवतात. मोठी इमारत, प्रयोगशाळा, बसची सोय. चांगल्या हेतूने काम करणारे अधिकारी त्यात आहेत हे मला माहीत आहे. पण डोंगरातल्या वाडीवरची मुलगी पावसाळ्यात बस आली नाही तर काय करेल, हे त्या वाडीत जाऊन आईला विचारल्याशिवाय शाळा हलवू नये, एवढंच माझं मागणं आहे. वेताळ पेठेत तिसरी शाळा काढणाऱ्यांनी ते विचारलं होतं.

आता वाड्याचं काय झालं ते राहिलं. वाडा पुढे हात बदलत गेला, एका बँकेच्या मालकीचा झाला, खाली दुकानदार भाडेकरू. २००६ साली महापालिकेने तिथे राष्ट्रीय स्मारक करायचा ठराव केला. मग भाडेकरूंचे दावे, मोबदल्याचा वाद, तारखा. दुकानदारांची बाजू मला अगदीच परकी वाटत नाही, त्यांचंही पोट त्या ओट्यावर होतं. पण एवढी वर्षं लागायला नको होती. दरवर्षी ३ जानेवारीला आम्ही शिक्षिका तिथे जमायचो, फाटकापाशी हार घालायचो आणि वर पाहायचो, तर छपरातून पिंपळ उगवलेला. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, आणि ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. समोर नेहमीसारखी दर्शनाची रांग होती. इकडे विटा, माती, मोडलेल्या तुळया, पत्रे. एका तुळईला अजून जुनी लोखंडी कडी होती, पाळण्याची असावी किंवा झोपाळ्याची. मातीच्या भिंतीतला भुसा वाऱ्याने उडून रस्त्यावर येत होता. माझ्या शेजारी उभी असलेली एक फुलवाली म्हणाली, इथं सावित्रीबाईंची शाळा होती म्हणं. मी म्हटलं, होय. ती म्हणाली, माझी नात सातवीत आहे. आणि पुन्हा गजरे बांधायला लागली. मला त्या ढिगाऱ्याचं जेवढं वाईट वाटलं त्याहून तिच्या त्या वाक्याचा आनंद मोठा वाटला, हे तुला खरं सांगते.

२९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीवरून, तिथल्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. जागा अगदी लहान आहे, गल्लीबोळातली. तिथे पुतळा होईल, म्युरल होतील, ते व्हावंच. पण माझी मनापासूनची इच्छा वेगळी आहे. तिथे एक खोली अशी ठेवावी जिथे रोज संध्याकाळी खरोखर वर्ग भरेल. बुधवार पेठेतल्याच मुली. तुला ही पेठ ठाऊक आहे, तिथल्या वेश्यावस्तीतल्या बायकांच्या मुली तिथेच वाढतात तेही ठाऊक आहे. त्यांना गृहपाठाला बसायला जागा नाही, दिवा नाही, शांतता नाही. सावित्रीबाई आज असत्या तर त्या सगळ्यात आधी याच मुलींच्या दारात गेल्या असत्या, यात मला तिळमात्र शंका नाही. आम्ही निवृत्त शिक्षिकांनी तसा अर्ज लिहायला घेतलाय. त्यात फुकट शिकवायची तयारी दाखवलीय, पण सोबत हेही स्पष्ट लिहिलंय की एक पूर्णवेळ, पगारी शिक्षिका नेमावी. आमच्या स्वयंसेवेवर तो वर्ग टांगून ठेवू नये. या एका वाक्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. काहीजणींना ते मागणं कोतेपणाचं वाटलं. मी अडून बसले. ती १८५३ च्या अहवालातली गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली, मग वाक्य राहिलं.

आणखी एक. सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या. त्यात आपल्यामागे शाळेत सोबत शिकवणाऱ्या फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा उल्लेख येतो. आजारपणातही चिंता कसली, तर वर्ग कोणावर पडला असेल याची. ज्या बाईने कधी बदली शिक्षिकेसाठी धावपळ केली असेल तिला या दोन ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता तुझ्याकडे माझं काम आहे. तू उन्हाळ्यात बॉस्टनला जाणार असं लिहिलंयस. अमेरिकन मिशनच्या मंडळाची जुनी कागदपत्रं तिथे हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात आहेत. त्यात नगरच्या केंद्राची पत्रं आहेत. आधी त्यांना लिहून परवानगी काढ आणि दोन दिवस मोकळे ठेव. फरारबाईंची १८४६ ते १८५० ची पत्रं शोध. मला हे हवंय: नगरच्या त्यांच्या शाळांत मुली किती होत्या, कुठल्या गल्लीतून यायच्या, शिकवणाऱ्या बायकांना महिना काय द्यायच्या, वर्षाचा खर्च किती आणि तो कुठून यायचा. पुण्याहून कोणी तरुण शाळा पाहायला आला, किंवा कोणी तरुण मुलगी शिकवायला शिकायला आली, असा एखादा शब्द असेल तर तो पानाच्या क्रमांकासकट उतरून घे. फोटो काढू देत असतील तर काढ, नाहीतर हाताने लिहून घे, पण तारीख आणि पेटीचा नंबर विसरू नकोस. हस्ताक्षर लागणार नाही सुरुवातीला, धीर सोडू नकोस, दोन-तीन पत्रं झाली की डोळा बसतो.

आणि जर्मनटाउनचे जुने हजेरीपट कोणाकडे गेले तेही विचारून ठेव. शाळा बंद करताना ते कुठेतरी जमा केले असतीलच.

तुझ्या लेकीला गोड पापा. तिला मराठी बाराखडी कुठवर आली ते कळव. जोडाक्षरांना घाई करू नकोस, मी आले की बघू.

तुझी,
मावशी